एक फेरी बाकी

—अन् दिवस ध्यानात ठेवायचा असेल तं ठेव: साल दोन हजार पंचवीस, मार्गशीर्ष सरत आला, तुरी शेंगांवर, कपाशीचा दुसरा वेचा चालू, नदी नितळ अन् वारा निजलेला. याहून चांगलं पाणी तुझ्या फेरीले पुन्हा मिळणार नाही, रामधन, तुझ्या-माझ्या वयाकडे पाहून सांगतो. तोंड फिरवू नको. तिकडे फिरवलं तं पूल दिसेल, अन् पुलाकडे तू पाहत नाहीस हे साऱ्या गावाले माहीत आहे. रोज सकाळी या दगडावर येऊन बसतो, पुलाकडे पाठ करून, जसा काही तो पूल उठून निघून जाणार आहे. — बोलणार नाहीस, ठाऊक आहे मले. सोळा वर्षं बोलला नाहीस, आज कायले बोलशील? मी तुले बोलवायले आलोच नाही. फेरी फेडायले आलो. या चुंगडीत आहे.

थांब, काढतो. आधी नियम म्हणून दाखवतो, मग चुकला म्हणशील — म्हणशील कसा, बोलतच नाहीस. बरं आहे माझं. ऐक. या घाटावर नावाडी दोन वेळा भाडं घेत नसे. नवरी पहिल्यांदा गावात येते तेव्हा, अन् माणूस शेवटचं जाते तेव्हा. गावाचा मसणवटा पल्याड, म्हणजे शेवटचं जाणं तुमच्या डोंग्यातूनच. नवरीचं सोडून द्यायचं. मयताचं सोडायचं नाही. त्याच्या घरच्या माणसानं स्वतः वल्हं धरायचं, नावाड्याले पाहुण्यासारखं पुढं बसवायचं अन् एकदा पल्याड नेऊन सोडायचं. फिटलं. अन् ती फेरी फिटत नाही तोवर नावाडी त्या घराशी बोलत नाही. भांडण नाही, राग नाही. लग्नाले यायचं, जेवायचं, हात धुवून जायचं — बोलायचं नाही. बरोबर? मुंडी तरी हलव. मुंडी हलवणं बोलण्यात धरत नाहीत. — हां.

आता तू म्हणशील, देवराव, तू तं अशा गोष्टी मानत नाहीस. नाहीच मानत. छप्पन साली माझ्या बापानं धम्म घेतला, तेव्हापासून आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, आडवं मांजर गेलं तं आम्ही मांजराले वाट देतो अन् पुढं जातो. हे तसलं नाही. पाटलाची माय गेली तेव्हा पाटलानं तुझ्या बापाले डोंग्यातून नेलं. वल्हं उलटं धरलं होतं म्हणतात, दोनदा गोल फिरला, अन् तुझा बाप पुढं बसून विडी ओढत राह्यला, एक शब्द बोलला नाही. माझी आजी गेली तेव्हा माझ्या बापानं नेलं. तेव्हाही तुझा बाप तसाच पुढं बसला, तशीच विडी ओढली. ज्या गावात आमची विहीर वेगळी, आमचा रस्ता वेगळा, त्या गावात हा एक नियम पाटलाले जसा लागला तसा माझ्या बापाले लागला. पाटलाशीही बोलणं बंद, आमच्याशीही बंद. बाकी सारं वेगळं होतं, रामधन. हे तेवढं सारखं.

म्हणून मले तुझ्या निरोपाचा राग आला. आठवते? आपल्या सुनेले धाडलं होतंस, चंदाबाईले. दारात उभी राहून म्हणे, "मामाजी म्हणतात, जाऊ द्या, हात अधू झालेल्या माणसाले फेरी सोडली." सोडली! पाटलाले सोडली होती का? त्या दिवशीच मी तिच्याजवळ उलटा निरोप धाडला — सांग तुझ्या मामाजीले, सोडायची नाही. अन् बोलायचंही नाही. ते बिचारी हसत हसत गेली, तिले वाटलं म्हातारा गंमत करून राह्यला. मी गंमत करतो का कधी?

हात अधू आहे, ते खरं. दिग्रसले जिनिंगात होतो तेव्हा पट्ट्यात गेला, कोपराच्या खाली नुसतं लोढणं. मोटर रिवायंडिंग करतो मी या एका डाव्या हातानं, दातानं तार ओढून — आर्णीच्या रस्त्यावरचे अर्धे पंप माझ्या दातातून गेले आहेत. पण वल्हं एका हातानं ओढता येत नाही. ओढून पाहिलं. तू पाहत होतास, या दगडावरूनच. काय दिसलं ते तुले माहीत आहे. मग संघदीपनं न्यायले पाहिजे होतं. पोरगा आहे, घरचा माणूस आहे. रुखमा, त्याची माय, गेली तेव्हा तो आला, दुसऱ्या दिवशी पुण्याले गेला, कंपनीत सुट्टी नव्हती. उन्हाळ्यात आला तं नदीत पायाचे घोटे भिजत नव्हते. पुढच्या खेपेले आला तं पुलाचे खांब उभे. मग पूलच झाला. अन् तुझा डोंगा ग्रामपंचायतीनं नेला, चार दगडांवर ठेवला, आत माती भरली अन् झेंडू लावला. वर पाटी — आपला वारसा. झेंडू भल्ला चांगला येतो त्यात, मानलं पाहिजे. पाणी घालायले शिपाई ठेवला आहे. तुझ्या डोंग्यात इतकं पाणी तूही कधी शिरू दिलं नसशील.

हे पाह्य. — काहून हसला? हसलास, मी पाहिलं. लहान आहे, हो. दीड हात लांब आहे. तुझ्या डोंग्याचं माप घेतलं, झेंडूत हात घालून, शिपाई म्हणे काका फुलं तोडू नका. सावरीचं लाकूड आहे, हलकं, आतून कोरलं, बाहेरून डांबर. नाक जरा उचललेलं, बूड सपाट, मागं नावाड्याची बसायची फळी. अन् हा फळीवर बसलेला — हा तू नाहीस. घनश्यामलेही आधी तूच वाटलास. त्याच्या वावरात शेततळं आहे, प्लास्टिक अंथरलेलं, तिथं मी हे चालवून पाहायचो, तो बांधावर उभा राहून म्हणे, "देवरावकाका, रामधनच्या मिशा विसरले ना तुम्ही." म्हणलं बावा, नियम समजून घे. फेरीत नावाडी पुढं बसते, वल्हं घरच्या माणसाच्या हाती असते. हा मी आहे. माझ्याच फाटक्या सदऱ्याचा सदरा आहे त्याले. तो म्हणे, "पण काका, याचे तं दोन्ही हात चालतात." — म्हणलं तुझ्या तळ्याचं प्लास्टिक फाटलं आहे कोपऱ्यात, ते पाह्य आधी.

संघदीपले फोन केला. म्हणलं असं असं आहे, दूरवरून चालणारा डोंगा करायचा आहे. पोट्टं खूष झालं, त्याले वाटलं म्हाताऱ्याले छंद लागला, आता दर रविवारी फोनवर बीपी विचारावा लागणार नाही. आठ दिवसांत कुरिअरनं डबा आला — रिमोट, त्याचा आतला तुकडा, बॅटरी, लहान लहान मोटरी. अन् एक पंखा. म्हणे, "बाबा, पंखा बुडाखाली लावा, पाण्यात, दिसणार नाही. वर बाहुला नुसता ठेवून द्या, हात हलेल, लोकाईले वाटेल तोच वल्हवतो." लोकाईले वाटेल! म्हणजे मायची फेरी बुडाखालच्या पंख्यानं फेडायची, अन् वर बसून मी हात हलवायचे. मी तो पंखा दुकानात लावला आहे, सोल्डरिंगचा धूर जाते त्यानं. चांगला आहे पंखा.

मग मी केलं. मोटरीले दांडी, दांडीले हात, हाताले वल्हं. सुरू केलं — वल्हं पाण्यात पुढं-मागं, पुढं-मागं. डोंगा हलला का? जागचा नाही. मागं ओढते तेवढं पुढं ढकलते. ग्रामसभेसारखं. घनश्याम म्हणे, "काका, पाणी ढवळून निघालं, आता साखर टाका." मग ध्यानात आलं, वल्हं पुढं नेताना पाण्यातून काढलं पाहिजे. म्हणून सायकलच्या पायडलसारखं केलं, दांडी गोल फिरते, वल्हं खाली जाते, मागं येते, वर निघते, पुढं जाते. लहान मोटरीले ग्रीस फासून पाण्यापासून वाचवायले गेलो, ती जळाली. संघदीप म्हणे बाबा ग्रीस नाही चालत. मी म्हणलं चालते. दुसरीही जळाली. मग त्यानं सांगतलं तसं डबीत बंद केलं. तेवढं त्या पोट्ट्याचं खरं निघालं. त्याले सांगू नको. — तू कोणाले सांगणार म्हणा. माझ्या घराशी तुझं बोलणं बंद.

चालला डोंगा. चालला, अन् गोल फिरला. गोल, गोल, जसा पाटील फिरला होता. वल्हं एका बाजूलेच मारलं तं नाक दुसऱ्या बाजूले जाणारच. घनश्याम म्हणे दोन वल्हे लावा, दोन्हीकडून. लावून पाहिले. सरळ गेला, पण कसा — उलट्या पडलेल्या किड्यासारखा, पाय झाडत. तसा या नदीत कोणी डोंगा चालवला नाही. तू एकाच वल्ह्यानं चालवायचा, एकाच बाजूनं, अन् डोंगा सुतासारखा सरळ. मग करत काय होतास? कोणत्या बाजूनं? गावाले विचारलं. तुले सांगतो, माझं हसू आवरेना. कोणी म्हणे उजवीकडून, कोणी म्हणे डावीकडून, कोणी म्हणे अर्ध्यात बाजू बदले. दोन म्हातारे चहाच्या टपरीवर एकमेकांच्या अंगावर गेले. साऱ्यांनी जन्मभर तुझ्या डोंग्यात बसून नदी ओलांडली, अन् एकानंही पाहिलं नाही. पाहतील कसे? तुमच्या घाटाची शिस्त — बसणाऱ्यानं तोंड पल्याड करून बसायचं, मागं वळायचं नाही, वळलं की तू ओरडायचास, डोंगा हलते. सारं गाव तुझ्याकडे पाठ करून पल्याड गेलं. तुझा आवाज माहीत, तुझा हात कोणाले माहीत नाही.

मग मले कसं कळलं — असा पाहू नको. मले माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. गावाले उगाच विचारत होतो, ते दोन्ही म्हातारे फुकट भांडले. माहीत होतं, पण त्याच्याकडे जायचं नव्हतं मले. पंखा लावला नाही, दोन वल्हे लावून पाहिले, घनश्यामचं ऐकलं — घनश्यामचं! — पण तिकडे गेलो नाही. त्या दिवशी मी उलटा बसलो होतो, रामधन. तिरडी डोंग्यात लांबीनं ठेवली, रुखमाचं डोकं पल्याडच्या अंगाले, अन् डोकं धरायले मी पुढं. म्हणजे माझं तोंड तुझ्याकडे. तू काही ओरडला नाहीस. तिच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं, नदीकडे पाहवत नव्हतं, मग पाहावं कुठी? तुझ्या हाताकडे पाहिलं. साऱ्या फेरीभर तेच पाहिलं. डावीकडून ओढत होतास. अन् ओढ संपता संपता मनगट बाहेर वळवत होतास, असं, हलकेच, जशी झोपलेल्या घराची कडी काढावी — वल्हं पाण्यात जरा थांबे, अन् डोंग्याचं नाक सरळ होई. दर ओढीले. एक थेंब तिच्या अंगावर उडू दिला नाहीस. बाकीच्या दिवशी तं लोकाईचे धोतरं भिजवत होतास.

जाऊ दे. मोटरीचं सांगतो. संघदीपनं धाडलेल्यात एक मोटर अशी होती, गोल फिरत नाही, सांगू तितकीच वळते अन् थांबते. ती मनगटात बसवली. या बाहुल्याच्या. रिमोटले दोन दांड्या होत्या, दोन अंगठ्यांच्या, मले अंगठा एक. मग उघडला रिमोट अन् दोन्ही कामं एका दांडीवर आणली. पुढं लोटली की ओढते, बाजूले दाबली की मनगट वळते. घनश्यामच्या तळ्यात सरळ गेला, काठाले लागला. घनश्याम बांधावर होता. खाली उतरून त्यानं डोंगा दोन्ही हातांनी उचलून आणून दिला. पहिल्यांदा.

आता तुझा मुद्दा. डोळ्यांनी विचारून राह्यला कधीचा — यात मी बसू कसा? तोही विचार केला मी, नाही तं आलोच नसतो. तांड्यावरचा पूनमसिंग नाईक आठवते? त्याची माय गेली तेव्हा तुझा बाप खाटेवर होता, उठवत नव्हतं. मग पूनमसिंगनं काय केलं? तुझ्या बापाचा दुपट्टा डोंग्यात पुढं ठेवला अन् पल्याड नेला. अन् त्याच दिवशी तुझा बाप खाटेवरून त्याच्याशी बोलला, बैलाच्या भावावरून भांडला म्हणे. म्हणजे दुपट्टा चालते. तुझ्या बापानंच चालवून घेतला. तुले उलटं जाता येत नाही आता. — काढ तो खांद्यावरचा. हा दुपट्टा नाही चालणार असं म्हणू नको, तोलून पाहिला आहे, म्हणजे माझा ठेवून पाहिला. पहिल्या खेपेले बुडाला. दुपट्ट्यासकट, बाहुल्यासकट, मोटरीसकट. मले तळ्यात उतरावं लागलं, घनश्यामनं दोर धरला. मग बूड रुंद केलं, दुपट्ट्यापुरतं. साऱ्या डोंग्यात तेच एक माप आहे जे तुझ्या डोंग्याचं नाही.

दे. — देतोस का नाही? तुले वाटते मी माफी मागून राह्यलो का? फेरी मागून राह्यलो. — हां. हां, असा. घडी मीच करतो, तुझी घडी जाडी होते. नीट. पुढं. बस. आता तू बसला. विडी असती तं पेटवून ठेवली असती, पण डांबर आहे.

हट जरा, पाण्याजवळ जाऊ दे. धरू नको मले, पडत नाही मी. रिमोट असा पोटाशी, लोढण्यानं दाबून — या हाताले शेवटी एक काम मिळालं. सुटला. पाह्य. नाही, तू पल्याड पाह्य. बसणाऱ्यानं पल्याड पाहायचं, तुमचीच शिस्त आहे. मागं वळायचं नाही. — ओढ, वळव. ओढ, वळव. घनश्यामच्या तळ्याले धार नव्हती, इथं धार आहे, मले दिसते, सांगू नको. काय? हात काय करून राह्यला? वरच्या अंगाले घे म्हणतो? हात खाली. फेरीत नावाडी काही सांगत नाही. पाटील दोनदा गोल फिरला तरी तुझा बाप सांगायले गेला का? हात खाली कर, रामधन!

— चालला पुलाकडे. चालला खांबाकडे. असं कर म्हणजे — नाही. नाक वर. वर घेतो. मीच घेतो, तुझं पाहून नाही. ओढ. वळव. अजून वळव, बाबा, कडी काढल्यासारखं — जोरानं नाही. हलकेच. हां. पाह्य, आला नाकावर. खांब सुटला. दुपट्टा भिजला का? कोपरा भिजला. तेवढं चालते. पाटलाचं सारं धोतर भिजलं होतं.

आता बोलू नका कोणी. मी पण नाही. ओढ. वळव. ओढ. वळव. तो पाह्य कसा बसला आहे फळीवर, ताठ. ओढ. वळव. तो दगड सोड, त्या गवताजवळ जा, तिथंच उतरलो होतो आपण तिले घेऊन, तिथंच लाव — ओढ — हलकेच —

लागला.

लागला, रामधन. पल्याड लागला. फिटली.

— नको. काही बोलू नको आता.